नळाचं ऑपरेशन

“पाना,” डॉक्टर म्हणाले आणि नळावरची नजर जराही न हलवता त्यांनी उजवा हात मागे पसरला.

त्यांच्या बायकोनं त्या हातावर काहीतरी ठेवलं.

“ही पकड आहे.”

“असेल. मला दोन्ही सारखीच दिसतात.” चाळीस वर्षं बालवाडीत शिकवल्यामुळे तिला सगळे बाईच म्हणायचे, आणि बाईंचा पान्याशी आजवर कधी संबंध आला नव्हता. पण डॉक्टरांनी हाक मारली होती, म्हणून त्या बाह्या सरसावून हजर होत्या.

ओट्यावर स्वच्छ नॅपकिन अंथरला होता. त्यावर सगळी हत्यारं लहान-मोठी अशी ओळीनं मांडलेली. नळाला हात लावण्याआधी तो कधीपासून गळतोय, सकाळी जास्त की संध्याकाळी, याची रीतसर चौकशी झाली होती. बाईंना मनातून हसू येत होतं, आणि हसू येतंय याचंच बरं वाटत होतं. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांचा हात थरथरायला लागला. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी स्वतःच ऑपरेशनं बंद केली आणि घरी येऊन बसले. तेव्हापासून सकाळी उठवायला गेलं की भिंतीकडे तोंड करून एकच विचारायचे, “उठून करू काय?” आज मात्र प्लंबरचं नाव काढताच ताडकन उठले होते. नळ जन्मभर गळेना का, या माणसानं आज हात टेकू नयेत, एवढंच बाईंना हवं होतं.

“बाथरूममधली चावी बंद केलीस ना? डावी?”

“केली की.”

डॉक्टरांनी नळाचं डोकं फिरवून काढलं, आणि पाण्याची चिळकांडी थेट छताला लागली. बाई किंचाळल्या. डॉक्टरांनी मात्र शांतपणे भोकावर अंगठा दाबून धरला.

“डावी म्हटलं होतं मी.”

“डावीच बंद केली!”

“रोग्याची डावी, अगं. म्हणजे समोरून बघताना आपली उजवी.”

“भिंतीला कसली आलीय हो डावी-उजवी!” म्हणत बाई ओल्या पायांनी बाथरूमकडे धावल्या. पाणी थांबलं. परत येऊन बघतात तर डॉक्टरांच्या मिशीतून पाणी ठिबकत होतं आणि मिशीखाली चक्क हसू होतं.

पुढे काही वेळ सगळं सुरळीत चाललं. झिजलेला वॉशर निघाला, नवा बसला. तो जागेवर धरायला एक इवलासा स्क्रू होता. डॉक्टरांनी तो चिमटीत घेतला आणि हात थरथरायला लागला. स्क्रू पडला. बाईंनी उचलून दिला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तो घरंगळत सिंकच्या जाळीपर्यंत गेला, तेव्हा बाईंनी झडप घालून पकडला.

डॉक्टरांनी हात पुसले. सावकाश, एकेक बोट. मग ते स्टुलावर बसले.

“बोलाव प्लंबरला.”

बालवाडीतल्या पोरांची बटणं त्यांनी हजारदा गुपचूप लावून दिली होती आणि वर “बघ, तुझं तूच लावलंस!” म्हणून पाठही थोपटली होती. ती युक्ती इथे चालणार नव्हती. खोटी शाबासकी या माणसाला लांबूनच कळायची. बाईंनी स्क्रू ड्रायव्हर उचलला.

“मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही सांगा, मी करते.”

“तू?”

“मग काय, या पकडीला सांगता?”

मग स्टूल पुढे सरकल्याचा आवाज आला.

“आधी उलटा फिरव,” ते म्हणाले. “आटे जुळले की बोटाला बारीकसा धक्का कळतो. तोवर घाई करायची नाही.”

बाईंनी उलटा फिरवला. “काही कळत नाही हो.”

“कळेल. श्वास कशाला धरून ठेवलायस? सोड.”

श्वास सोडला आणि धक्का कळला. अगदी चांगला कळला.

“हां. आता सुलटा. बस्स! जास्त आवळलंस तर वॉशर फाटेल.”

पाठीमागचा आवाज खणखणीत होता. हा आवाज घरी कधी आलाच नव्हता; तो शिकाऊ डॉक्टरांच्या वाट्याचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाई तो आज पहिल्यांदा ऐकत होत्या. त्यांचे डोळे भरून आले, पण हात गुंतलेले, पुसायचीही सोय नव्हती.

नळाचं डोकं पुन्हा जागेवर बसलं. आता फक्त आवळायचं राहिलं होतं. बाईंनी नळावरची नजर न काढता उजवा हात मागे पसरला.

“पाना.”

आधी काहीच झालं नाही. मग पाना तळहातावर आला. थरथरतच आला, पण बसला तो नेमका, दांड्याकडून. बाईंनी फक्त मूठ मिटायची होती.

डॉक्टर स्वतः जाऊन चावी उघडून आले. दोघं सिंकसमोर उभं राहून बघत राहिले. पाच मिनिटं गेली. एक थेंब पडला नाही.

बाई नॅपकिन गुंडाळायला लागल्या.

“असू दे तसाच,” डॉक्टर म्हणाले. “बाथरूममधला शॉवरही गळतोय. त्याला उद्या घेऊ.”

आणि दारापर्यंत जाऊन वळून म्हणाले, “साडेसातला उठव मला.”