हेल्मेटचा माथा

"खालून वर बांधायचं, लंबू. हनुवटी आधी, माथा शेवटी. घाई केलीस तर सगळं हातात येईल."

खोका उघडला त्या दिवशी मित्र असं म्हणाला होता. आवाज अजून ताजा होता. मित्र नव्हता.

त्याच्याच घरी, त्याच्याच टेबलाशी आता लंबू बसला होता. समोर प्लास्टिकच्या ठोकळ्यांचं पिवळं हेल्मेट उभं. आतून पोकळ, कुणाच्या डोक्यावर कधीच न चढणारं, नुसतं कपाटात मांडायचं. हनुवटीपासून डोळ्यांच्या फटीपर्यंत मित्राने रचलेलं. तिथून वर लंबूने आणि मित्राच्या आईने.

दुचाकीच्या अपघातात तो गेला, त्यानंतर काही महिन्यांनी आईनेच त्याला बोलावून घेतलं होतं. "अर्धं राहिलंय रे. माझ्याने बघवत नाही. रविवारचा येत जा."

तो येत गेला. पण काम काही वर चढेना. दर रविवारी एखादी रांग कमीच भरायची.

"ही सैल वाटली मला, काढून ठेवली," आई म्हणायची.

"आई, गेल्या रविवारीही हेच म्हणालात."

"मग गेल्या रविवारीही सैलच बसवली असशील."

खिडकीजवळच्या खुर्चीतून बाबा वर्तमानपत्रामागून बोलायचे, "गवंड्यांवर ही मुकादम असती ना लंबू, तर आपण अजून तंबूत राहत असतो."

चहा आला की पहिला कप लंबूपुढे. बाबांचं ठरलेलं गाऱ्हाणं मग सुरू. "जन्म गेला या घरात, पहिला कप कसा लागतो ते कळलं नाही. हिचं परक्याचं लेकरू आधी, घरचं माणूस मागून."

"परका कसला तो?" आई म्हणायची. कप मात्र लंबूपुढेच राहायचा.

बाबा कपबश्या विसळायला आत गेले, की आईची बोटं थांबायची. एक ठोकळा ती उगाच उलटासुलटा करायची.

"त्या दिवशी... काही बोलला का रे तो? माझ्याबद्दल?"

"नाही, आई."

"वाटेत कुठे? थांबलात तेव्हा?"

"तेव्हाही नाही."

लंबू खाली बघून ठोकळे निवडत राहायचा. तिला संशय आहे, त्याला वाटायचं. ती खणते आहे. आज ना उद्या तिची पहार दगडाला लागणार.

कारण तो खोटं बोलला होता. दोघंही उघड्या डोक्याने होतो, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. खरं तर हेल्मेट एक होतं, मित्राचं, आणि घसरलेल्या गाडीवरून उडालेल्या लंबूच्या डोक्यावर होतं. त्याच्या कपाळाला खरचटलंही नाही. भानावर आल्यावर त्याने पहिलं काम केलं ते हेल्मेट काढून ओढ्यात भिरकावण्याचं. या बाईने आपल्याकडे बघितलं तर तिला काय दिसेल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

पुढे तीच बाई त्याची वाट बघू लागली. दारातली चाहूल ओळखू लागली. त्याला स्वतःची आई आठवत नव्हती. हे दार आपल्यासाठी बंद झालं तर जायचं कुठे, या भीतीने त्याने ओठ शिवून घेतले.

या आठवड्यात त्याने फोनवर सांगितलं होतं, बदली झाली, लांबच्या गावी. हा रविवार शेवटचा.

आणि आज एकही रांग सैल निघाली नव्हती. दुपार कलली तसे पिवळे ठोकळे वर वर चढत गेले, सगळीकडून एकाच जागेकडे धावत, जशी पाखरं झाडाकडे. शेवटी माथ्यावर भोक राहिलं, अंगठ्याएवढं. आईच्या तळहातावर एक गोल चकती राहिली.

"घे. तूच लाव."

बाबा आत नळाखाली कप विसळत होते. भांड्यांचा आवाज येत होता.

लंबूने चकती घेतली, पण हात पुढे जाईना. हे बसलं की संपलं. मग यायला निमित्त नाही, आणि खरं न सांगता गेलो तर हिच्या मनातही आपल्याला जागा नाही.

"आई, मी तुम्हाला खोटं सांगितलं."

तिची नजर त्याच्याकडे वळली.

"हेल्मेट होतं. त्याचं. माझ्या डोक्यावर होतं. आम्ही चहाला थांबलो, तेव्हा त्याला कुणाचा तरी फोन आला. बोलून आला आणि स्वतःचं काढून माझ्या डोक्यावर चढवलं. पट्टासुद्धा त्यानेच आवळला. मी नको म्हटलं. तर म्हणाला, गप घाल, इथे कुणालाच वाद घालायची सोय नाही." त्याने चकती मुठीत आवळली. "ते माझ्या वाट्याचं नव्हतं, आई. त्याचं होतं. मी नुसतं हो म्हटलं आणि जगलो. आता तुम्ही जा म्हणालात तर जातो."

आई उठली. त्याला वाटलं, ती बाहेरचं दार उघडणार. तिने आतलं लोटलं. भांड्यांचा आवाज दबला. परत येऊन ती त्याच्यासमोर बसली, त्याची चकतीवर आवळलेली मूठ दोन्ही हातांत धरली.

"तो फोन माझा होता," ती म्हणाली. "तुझ्याकडे हेल्मेट नाही असं कळलं, आणि मीच त्याला सांगितलं, तुझं काढ, त्याला घाल."