जुनीच तार बरी

फायबरच्या वेगवान इंटरनेटसाठी म्हाताऱ्या घड्याळजींनी तीन महिने खेटे घातले, इमारतीची परवानगी आणली, ओल धरलेली भिंतही दुरुस्त करून घेतली. आणि आज जोडणीवाला दारात उभा राहिला, तेव्हा "नको, जुनीच तार बरी" म्हणून त्याला परत पाठवलं.

"अहो, डोकं फिरलंय का तुमचं?" बायको कळवळली. "नवी लाइन आली असती, तर पोरगा परदेशातून तासभर बोलला असता. या नेटवर दोन मिनिटांत बिचाऱ्याचा चेहराच गोठतो!"

"गोठू दे गं," एवढंच ते म्हणाले.



काल फायबरच्या दुकानातून त्यांनी मुलाला व्हिडिओ कॉल लावून पाहिला होता, पापण्या मोजाव्यात इतकं चित्र लख्ख होतं, आणि दुसऱ्याच मिनिटाला तो जांभई दाबत म्हणाला होता, "बाबा, तुमचं नेट अडकतंय हो, ठेवतो."