दरीकडचं वळण

दरीकडचं वळण आलं, तसा मागच्या सीटवर मी श्वास रोखला. बाबांच्या जुन्या अमेरिकन गाडीला मी कालच पॉवर स्टेअरिंग बसवलं होतं.

बारा वर्षांपूर्वी त्यांचा एक खांदा निकामी झाला, तेव्हापासून जड स्टेअरिंग त्यांना एकट्याला वळवता येत नसे. प्रत्येक वळणावर शेजारी बसलेली आईही ते ओढायची.

आजही सवयीने तिने दोन्ही हातांनी जोर लावला. हलकं स्टेअरिंग गरकन फिरलं आणि गाडी कठड्याकडे झेपावली. बाबांनी एका हाताने ती सावरली, ब्रेक दाबला. कठडा वीतभरावर होता.

आईने हात पदरात गुंडाळले. “मग आता मी काय करू?”

“बाहेर बघ,” बाबा म्हणाले. “इतक्या वर्षांत दरी बघायची राहूनच गेली तुझी.”