लोणच्याची बरणी

दहाव्याच्या पिंडाला कावळा काही शिवेना. घाटावर ऊन तापलं, गुरुजी कंटाळले, आणि मागे बायकांत बसलेल्या इंदूताई गेलेल्या नवऱ्यावर धुमसू लागल्या.

"बाबा, आईला नीट सांभाळू," थोरल्याने हात जोडले. कावळा फांदीवरून हलला नाही.

मग धाकट्याला बाबांचे काचेच्या टाकीतले मासे आठवले. त्यांचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून बाबांनी इंदूताईंच्या लोणच्याच्या बरणीत स्पंज आणि खडे भरून घरीच फिल्टर बनवला होता. तो सतत बुडबुडायचा आणि त्यावरून नवराबायकोचं रोज वाजायचं.

"बाबा, ते डबडं फेकून माशांना विकतचा झकास फिल्टर आणतो!"

कावळा उडून आणखी वरच्या फांदीवर बसला.

इंदूताई ताडकन उठल्या. "खबरदार त्या बरणीला कुणी हात लावाल तर!" त्या मुलांवर कडाडल्या आणि पिंडाकडे वळल्या. "अन् काय हो तुम्ही! कळतं मला. स्पंज माशांच्याच पाण्यात धुवायचा, नळाखाली नाही. धुईन. पण बरणी माझी होती, आणि तिच्यावरून मी रोज भांड—"

कावळा झेपावला आणि पिंडाला शिवला.

"बघा!" इंदूताईंनी पदर खोचला. "आजही माझं बोलणं पुरं होऊ दिलं नाही!"