कापलेलं बॉनेट

वारलेल्या पप्पांची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार विकायला प्रबुद्धने गिऱ्हाईक आणलं, पण ते भांडुपच्या गॅरेजच्या दारातच थबकलं. बॉनेट कापून इंजिनावर नवाकोरा सुपरचार्जर बसवलेला होता. “मला होती तशीच गाडी हवी होती,” म्हणत गिऱ्हाईक चालतं झालं.

प्रबुद्धच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो बहिणीवर ओरडला, “तेजल, अक्कल गहाण टाकलीस का? गाडी जरा जोरात पळावी म्हणून तिची वाट लावलीस! पप्पांनी मरेपर्यंत साधा नटही बाहेरचा लावला नाही. आता कुत्रं तरी विचारेल का हिला?”

हातातला पाना आपटत तेजल म्हणाली, “पप्पांची गाडी विकू नको म्हणून तुझ्या पाया पडले, दादा. ऐकलंस? आता आण गिऱ्हाईक!”