तिसरा इग्नास

फ्रान्सहून जहाजानं क्यूबेकला आलेल्या मूळपुरुषापासून स्वतःपर्यंत, झेलियानं घराण्याच्या दहा पिढ्या तक्त्यावर मांडल्या होत्या. कुळाच्या मेळाव्यात चुलतभाऊ फर्नांनं त्यातही खुसपट काढलंच.

"आपला इग्नास सतराशे दोनचा. तू सतराशे सातचा लिहिलायस. चर्चच्या वहीत मी स्वतः पाहिलंय."

"अर्धवट पाहिलंस," झेलिया हसली. "दोनचा इग्नास तान्हेपणीच गेला. चारचाही गेला. मूल गेलं की तेच नाव पुढच्याला ठेवायचे आपल्यात. आपण तिसऱ्या इग्नासचे. नुसता जन्म सापडला म्हणून हुरळून जायचं नसतं रे, आधी मरण शोधायचं!"

फर्नां खजील होऊन बाजूला झाला. झेलियाची नव्वदीतली आई मात्र मघापासून तक्त्याच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून बसली होती.

"इथं तुझ्याआधी जागा सोडली नाहीस."

"कुणासाठी, आई? थोरली मीच ना?"

"सगळ्यांची मरणं शोधलीस, पोरी," आई म्हणाली. "पहिल्या झेलियाचं तेवढं राहिलं."