जड हवा

हवा तपासायच्या यंत्राच्या पडद्यावर आकडा उमटला आणि तपासनीस रेवती सबनीसला हायसं वाटलं. "अक्का, तुमच्या गावची हवा जड निघाली," ती म्हणाली.

हौसाक्का उठल्या. गोठ्यात जाऊन म्हशीचं दावं सोडू लागल्या. जिथली हवा जनावरांच्या मिथेननं बिघडली असं ठरेल, तिथली जनावरं सरकारजमा, असा नवा कायदा होता.

"अहो, सोडताय कशाला? मिथेनमधला कार्बन जड असला तर तो जमिनीखालच्या फुटक्या गॅसपाइपातला. रवंथ करणाऱ्या जनावराचा हलका असतो. तुमच्या म्हशींचा काही दोष नाही."

हौसाक्कांचा हात दाव्यावरच थांबला. "म्हंजी जड चांगलं?"

"हो."

"मग पल्याडच्या कासारखडीचं काय वो, मॅडम? मागल्या साली तितं चावडीवर कागद लागला, हवा जड हाय म्हणून. लोकांनी आपल्या हातानं साठ म्हशी सरकारी गाडीत चढवल्या."

रेवतीनं मान खाली घातली. तो कागद तिनंच लिहिला होता. त्यावर निकालाचा एकच शब्द होता, आणि तो अगदी बरोबर होता.